सतरा रेघा, पंधरा रेघा

धारवाड, ९ फेब्रुवारी २०१०

अक्का,

अप्पा बरे आहेत. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी तेच शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

मी फोन केला की भावोजी उचलतात आणि "ती शेतावर गेलीय" म्हणतात. तुमच्याकडे शेत राहिलं नाही त्याला नऊ वर्षं झाली. म्हणून पत्र.

दोन वर्षांपूर्वी शिरहट्टीच्या घरी मी तुझ्या विशालाला मागणी घातली, तेव्हा पंचांसमोर तू म्हणालीस, "फक्कीरेश विशालापेक्षा चार महिन्यांनी धाकटा आहे. धाकट्या मामाला भाची देत नाहीत." एवढं बोलून तू आत गेलीस. भाचीवर पहिला हक्क मामाचा, हे आपल्यात कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. लहानपणापासून गल्लीतल्या बायका विशालाला "फक्कीरेशची" म्हणायच्या आणि तू हसायचीस. त्या दिवशी मात्र तुला एकाएकी चार महिने आठवले. मी ताटावरून उठलो, तेव्हापासून आपण बोललेलो नाही. ताटावरून उठायला नको होतं, हे मला मान्य आहे.

पण चार महिने, अक्का? तीन नाहीत, पाच नाहीत. जन्मपत्रिका ना माझी केली, ना विशालाची. शाळेच्या दाखल्यावर दोघांचीही तारीख एक जून १९८३ आहे, कारण हिरेमठ मास्तरांनी एकाच सकाळी गल्लीतल्या अकरा पोरांना शाळेत घातलं आणि अकराही जणांना तीच तारीख देऊन टाकली. आपली अव्वा मला जन्म देऊन अकराव्या दिवशी गेली. तिला विचारायची सोय नाही. म्हणजे चार महिने ही गोष्ट जगात फक्त तुझ्या तोंडात आहे. इतका नेमका आकडा कुणी एकट्यानं सांगितला की मला संशय येतो.

आणखी एक. विशाला दातांना तार बसवायला आमच्या कॉलेजात येते, हे तू मला कळवलं नाहीस. डिसेंबरात तिचे वरचे दोन दात काढले, ते मला दात ठेवलेल्या बाटलीवरच्या नावावरून कळलं. तुमच्या राणेबेन्नूरहून दावणगेरे तासाभरावर, आणि दातांचं कॉलेज तिथेही आहे. तरी मुलगी दर महिन्याला तीन तास बसमध्ये बसून धारवाडला का येते? मी यावर बराच विचार केला. दावणगेऱ्याला मुलाकडची माणसं असणार. त्यांना वाकडे दात दिसू नयेत म्हणून तू तिला इकडे पाठवतेस. मुलगा बँकेत आहे असं मी ऐकलं. खरं आहे का?

उत्तर दे. नाही दिलंस तरी मला ते दुसरीकडून काढता येईल. कसं, ते पुढच्या पत्रात.

फक्कीरेश


धारवाड, ३ मार्च २०१०

अक्का,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

मी कॉलेजात काय काम करतो ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. बारावी दोनदा नापास झालेल्या माणसाला जे मिळतं तेच मिळालं होतं, बाटल्या धुणं. पण माझं लिखाण शुद्ध आणि हात स्थिर, म्हणून नाडगौडा मॅडमनी मला दात घासायला बसवलं. माणसाचा दात हिरडीतून वर आला की त्याच्या मुळावर दर वर्षी एक थर चढतो, झाडाच्या खोडासारखा. मूळ आडवं कापायचं, ती चकती ओल्या दगडावर बोटानं घासत राहायची, इतकी पातळ की खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता यावीत. मग काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कडेला रेघा दिसतात. रेघा मोजायच्या आणि तो दात ज्या वयात येतो ते वय त्यात मिळवायचं. माणसाचं वय निघतं. चकती फुटली की दुसरी करायची, रागवायचं नाही. माझ्या फारशा फुटत नाहीत.

मोजणाऱ्याला दात कुणाचा ते कळू देत नाहीत. काचेवर फक्त आकडा असतो, नावं मॅडमच्या रजिस्टरमध्ये, आणि ते मोजणी संपेपर्यंत उघडत नाहीत. तीन जण वेगवेगळे मोजतात. नाव कळलं की डोळा हवी तेवढी रेघ बघतो, असं मॅडम म्हणतात.

जानेवारीत मलाही एक दात काढावा लागला, वरचा, विशालाचा काढला तोच. दुखत होता. आमच्या विभागातल्या द्यामण्णानं सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे फक्क्या, धडधाकट दात उपटून घेतलास? बायको यायच्या आधीच तोंड मोकळं करतोयस होय?" द्यामण्णाच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नाही.

आता माझ्याकडे दोन दात आहेत. एकाच जागचे, एका महिन्याच्या अंतरानं काढलेले.

मी मॅडमना सहज विचारलं, "मॅडम, दोन माणसांमध्ये चार महिन्यांचं अंतर असेल तर कळेल का?"

त्या हसल्या. "फक्कीरेश, ह्या रेघा पंचविशीचा आणि चाळिशीचा माणूस वेगळा करून दाखवतात. चैत्रातल्या उगादीचा आणि श्रावणातला नाही दाखवत. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे तर आपल्याच हातून होतं. कुणाचे दात आहेत?"

"कुणाचे नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना तू काही कळवलं आहेस का? मॅडमचं माहेर हावेरीकडचं आहे, तुमच्यापासून लांब नाही.

अप्पांनाही विचारलं. खाटेवर चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बसले होते.

"अप्पा, आधी कोण जन्मलं? मी की विशाला?"

"तुमच्या दोघांच्या मध्ये आपला चांदवा बैल गेला."

"कुणाच्या नंतर गेला?"

"दोघांच्या मध्ये म्हटलं ना."

"पण आधी कोण?"

"अरे, बैल गेला ते लक्षात आहे. आठ दिवस घास उतरला नाही मला. तुम्ही काय, पोरं, येतच होता." मग चमचा खाली ठेवून म्हणाले, "नीलव्वा सांगते ते खरं असेल. ती खोटं कशाला बोलेल?"

तू खोटं कशाला बोलशील, हाच तर माझा प्रश्न आहे.

फक्कीरेश


धारवाड, २२ मार्च २०१०

अक्का,

निकाल लागला. तीन जणांनी वेगवेगळं मोजलं, मॅडम आणि शिकणाऱ्या दोन डॉक्टर मुली. कुणालाही नावं माहीत नव्हती. सरासरी अशी आली.

माझा दात, सतरा रेघा. विशालाचा दात, पंधरा रेघा.

हा दात साडेदहा वर्षांच्या वयाला येतो. म्हणजे मी साडेसत्तावीस वर्षांचा आणि विशाला साडेपंचवीस. चार महिन्यांनी धाकटा सोड, मी दोन वर्षांनी मोठा आहे.

चूक दोन-तीन वर्षांची असू शकते हे मी लपवत नाही. पण चूक दोन्ही बाजूंना होते. ती नेमकी तुझ्याच बाजूला झाली असं तू म्हणणार असशील तर तसं कारण दे.

पंचांना परत बसवावं असं माझं म्हणणं आहे. तुझी सासू त्या दिवशी भिंतीला टेकून बसली होती आणि तू बोलण्याआधी एकदा तिच्याकडे पाहिलं होतंस. मी ते पाहिलं. ती गेल्या दसऱ्याला वारली. आता तुला कुणाकडे बघून बोलायचं कारण नाही.

या पत्राची नक्कल मी जवळ ठेवली आहे.

फक्कीरेश


धारवाड, ११ एप्रिल २०१०

अक्का,

विशाला काल आली होती. तुझा निरोप तिनं सांगितला. तिनं मधलं काही गाळलं किंवा पदरचं घातलं का हे मला कळायला मार्ग नाही, म्हणून तिनं जे सांगितलं ते तसंच लिहितो. तू तपासून बघ.

तार घट्ट करून ती थेट आमच्या विभागात आली. तोंड दुखत होतं, त्यामुळे शब्द जपून काढत होती. आम्ही वऱ्हांड्यातच उभे राहून बोललो.

"मामा, तुझी पत्रं माझ्या अव्वानं मला वाचायला दिली. तिन्ही."

"तिनं तुला द्यायची नव्हती."

"दात माझा होता. कुणाला द्यायची होती मग?"

मी ओले हात शर्टाला पुसले.

ती म्हणाली, "अव्वानं विचारलंय, तू कशावर वाढलास ते तुला माहीत आहे का?"

"गल्लीतल्या कस्तुरव्वाच्या शेळीच्या दुधावर," मी म्हणालो. हे सगळ्या शिरहट्टीला माहीत आहे. शाळेत पोरं मला पाहून बें बें करायची.

"शेळी खरी होती," विशाला म्हणाली. "अज्जानं आणून दारात बांधली होती. तिच्या दुधाचा अज्जाला चहा व्हायचा. तू ते दूध एकदा प्यालास आणि रात्रभर ओकलास. दुसऱ्या दिवसापासून अव्वानं दार लावून तुला अंगावर घेतलं. एका बाजूला मी, एका बाजूला तू. दीड वर्ष. तिच्या सासूनं राणेबेन्नूरहून सांगून पाठवलं होतं की माझ्या नातीच्या तोंडचं दूध वाटलंस तर परत येऊ नकोस. म्हणून सगळ्यांना शेळी सांगितली, अज्जालासुद्धा. पंच बसले तेव्हा सासू समोर होती."

"ती गेल्यावर का नाही सांगितलं?"

"मी हेच विचारलं. अव्वा म्हणाली, पाजलेलं दूध बोलून दाखवायचं नसतं. आणि म्हणाली, माझ्या एका पदराखालची दोन पोरं, त्यातल्या कुणाला कुणाला देऊ? वयाचं कारण खरं होतं, म्हणून ते सांगितलं. त्याच्यामागचं सांगायची वेळ तू आणलीस."

अक्का, मी काय केलं ते सांगतो. मी आधी हिशेब केला. तू माझी थोरली बहीण, एकोणीस वर्षांची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आपली अव्वा गेली तेव्हा मी अकरा दिवसांचा. बाराव्या दिवशी तू मला अंगावर घेतलंस. तुला दूध होतं. म्हणजे विशाला जन्मलेली होती. विशाला माझ्यानंतर जन्मली असती तर त्या दिवशी तुझ्याकडे मला द्यायला काही नसतं आणि मी वाचलो नसतो. मी वाचलो आहे.

तरीही मी विशालाला म्हणालो, "हे खरं कशावरून?"

ती रागावली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं हे विचारशील. अव्वा म्हणाली, तो विचारेल. त्याला सांग, तुझ्या डाव्या कानामागे, केसांच्या आत, नखाएवढा डाग आहे. पिताना तो कान ओढायचास. तुझा तुला दिसणार नाही, द्यामण्णाला बघायला सांग."

द्यामण्णानं पाहिलं. "आहे रे," म्हणाला, आणि माझे केस परत सारखे केले.

मग विशालानं विचारलं, "आता तू सांग. सतरा कुणाच्या आणि पंधरा कुणाच्या?"

"पत्रात लिहिलंय तेच."

"मामा, मी बियाण्यांच्या कंपनीत रोज शंभर-शंभर बिया ओल्या कागदावर मांडते आणि किती उगवल्या ते मोजते. वाईट पाकिटावर चांगल्या पाकिटाची चिठ्ठी लावणारे लोक येतात आमच्याकडे. ते कुठे बघत बोलतात मला ठाऊक आहे. ते असे खिडकीकडे बघत बोलतात."

मी खिडकीकडे बघत होतो.

तर अक्का, हे लिहिणं भाग आहे. मॅडमना काचा देण्याआधी मी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही स्वतः मोजल्या होत्या. माझ्या पंधरा आल्या, तिच्या सतरा. परत मोजल्या. एकूण चौदा वेळा मोजल्या. मग मी आकड्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. तिघींनी बरोबर मोजलं. मी दिलेलं खोटं होतं. आणि माझा दात दुखत नव्हता. तो चांगला होता. डॉक्टरला मी सांगितलं की रात्री झोप लागत नाही, तेवढं मात्र खरं होतं.

विशालानं सगळं ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजत म्हणाली, "अव्वाला विचारलंस, अज्जाला विचारलंस, पंचांना विचारलंस, मॅडमला विचारलंस, माझ्या उपटलेल्या दातालासुद्धा विचारलंस."

"तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ते आता नाही सांगणार," ती म्हणाली. "आता अव्वानं सांगितलंय, आता काही उपयोग नाही. पण तू विचार करत बसशील, ते माहीत आहे मला."

चारच्या बसनं गेली. पोहोचली का ते कळव.

फक्कीरेश


धारवाड, २ मे २०१०

अक्का,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. विशाला नीट पोहोचली, हे त्यात आहे. माझ्या पत्रातलं सगळं तिनं सांगितल्याप्रमाणेच आहे, काही गाळलेलं नाही, हेही आहे. आणि शेवटी तुझा एक प्रश्न आहे, "तुला विशाला हवी होती की मामाचा हक्क?"

आधी बाकीचं सांगतो. मॅडमना मी चिठ्ठ्यांचं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. रजिस्टर उघडून त्यांनी त्या दोन ओळींवर काट मारली आणि शेजारी तारीख घातली. मग माझ्या हातच्या गेल्या वर्षीच्या सगळ्या काचा, एकशे बारा, परत तपासायला काढल्या. "बाकीच्या बरोबर असतील हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण आता ते नुसतं माहीत असून चालणार नाही." त्या दोन्ही डॉक्टर मुली माझ्यामुळे रोज उशिरापर्यंत बसतात. मी परत बाटल्या धुतो. द्यामण्णा मला दगडाजवळून जाताना बघतो आणि काही म्हणत नाही, ते मला टोमण्यापेक्षा जड जातं.

अप्पांना मी शेळीचं सांगितलं. म्हणाले, "तरीच त्या वर्षी चहा बरा लागायचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "नीलव्वाला बोलाव." तू ये. मी बोलावतो असं नाही, अप्पा बोलावतात, असं समजलीस तरी चालेल.

आता तुझा प्रश्न.

मी आठ दिवस उत्तर शोधलं. आधी वाटलं, तू हा प्रश्न विचारतेस म्हणजे मला आणखी कशात तरी पकडायचं असेल. मग वाटलं, विशालानंच तुला विचारायला लावलं असेल. माझं मन असंच चालतं, तुला माहीत आहे. नंतर लक्षात आलं की प्रश्न कुणाचाही असो, उत्तर द्यायचं आहे मलाच.

वऱ्हांड्यातच उभे राहून बोललो असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते पुरतं खरं नाही, आणि तुझं उत्तर त्या गाळलेल्या भागातच असावं. जाण्याआधी विशाला म्हणाली, "मला माझ्या रेघा दाखव."

विभागात त्या वेळी कुणी नव्हतं. मी तिची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तिनं वेणी पाठीवर टाकली, वाकली, एक डोळा मिटला आणि तोंड दुखत असताना हळूहळू, मोठ्यानं मोजू लागली. "एक. दोन. तीन." मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. लहानपणी अंगणात आम्ही असेच शेजारी बसून चिंचोके मोजायचो, त्यानंतर इतक्या जवळ ती पहिल्यांदाच होती.

"नीट दिसत नाही," ती म्हणाली आणि बाजूचा स्क्रू फिरवला.

"खाली आणू नकोस," मी म्हणालो. "भिंग काचेला लागेल."

तिनं हात काढून घेतला. परत मोजायला लागली. नवापर्यंत आली आणि थांबली. वाकलेलीच होती, पण मोजत नव्हती. ती काहीतरी बोलायच्या बेतात असावी असं मला आता वाटतं. त्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मी भिंग आणि काच यांच्यामधल्या फटीकडे बघत होतो.

"मामा, जाते," ती म्हणाली.

मी "हं" म्हणालो. ती दारातून बाहेर पडली तेव्हा मी भिंग पुसत होतो.

तुझा,
फक्कीरेश